दगडांच्या सांध्यावरून खंडाचा इतिहास कसा वाचायचा: लोंढा ते गोकाक, बेळगावच्या आसपास

खंड कसे घडतात हे शिकवताना नकाशा उघडतो तो जपानचा, आइसलँडचा, नाही तर हिमालयाचा. बेळगाव जिल्ह्यात यातलं काहीच नाही. तरीही इथे तीन अगदी वेगळ्या काळांचे खडक एकमेकांना लागून उघडे पडले आहेत. लोंढा-खानापूरकडे तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा पाया. गोकाक-सौंदत्तीकडे त्या पायावर साचलेली वाळू, म्हणजे कलादगी खोऱ्यातले वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (घट्ट, कडक झालेला वालुकाश्म). बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे या सगळ्यावर पसरलेला काळा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तिन्हींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे: पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणाची, म्हणजे मँटलची, हालचाल.

बहुतेक जण दगडाचे नमुने गोळा करतात, नावं लिहितात आणि तिथेच थांबतात. इतिहास कळतो तो एक खडक दुसऱ्यावर जिथे टेकतो तिथे. वाहून गेलेला काळ त्या रेषेत असतो. म्हणून इथे दिलेली रीत नमुने जमवण्याची नाही, सांधे शोधण्याची आहे. दोन दिवस मोकळे ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला: गवत वाळलेलं, नाले उतरलेले. पावसाळ्यात खानापूरच्या रानात जळवा आणि शेवाळलेला दगड यांपुढे काही बघून होत नाही.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, भूवैज्ञानिकाचा हातोडा (गवंड्याचा हातोडा वापरला तर पोलादाचे कपचे उडतात, डोळ्यांना चष्मा हवाच), चाकू, लोहचुंबक, लिंबाचा रस किंवा व्हिनेगरची छोटी बाटली, पाच मीटरचा टेप आणि मोबाइलमधलं उतार मोजायचं ॲप. घनता मोजायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा लटकता डिजिटल काटा, बादली आणि पातळ नायलॉनची दोरी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ‘भूकोश’ या पोर्टलवर आपल्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा फुकट पाहता येतो. निघण्यापूर्वी तो उघडून रंग कुठे बदलतो त्या जागा खुणा करून ठेवा. तिथेच सांधे सापडण्याची शक्यता.

आधी घनता मोजा

हा प्रयोग सोपा म्हणून सोडून दिला जातो, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मुठीपेक्षा मोठा, अर्धा ते एक किलोचा, ताजा फोडलेला तुकडा घ्या. बाहेरची पिवळट-तांबूस साल पूर्ण काढा. आधी कोरडा तोला. मग दोरीने बांधून काट्याला लटकत ठेवून पूर्ण पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन घ्या. दगड बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. कोरडं वजन भागिले दोन वजनांतला फरक, ही घनता. उदाहरणार्थ कोरडा ६४० ग्रॅम, पाण्यात ४२०, फरक २२०: घनता २.९१. हा बेसाल्ट. दुसरा कोरडा ५६०, पाण्यात ३५०, फरक २१०: घनता २.६७. हा लोंढ्याकडच्या पायातला नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) किंवा ग्रॅनाइट. कलादगीचा क्वार्टझाइट साधारण २.६५ वर येतो.

चुका कुठे होतात तेही बघा. दोनशे ग्रॅमपेक्षा लहान तुकडा घेतला तर काट्याची एक-दोन ग्रॅमची चूकच उत्तर फिरवते. पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटून राहिले तर दगड पाण्यात हलका भरतो आणि घनता कमी येते, म्हणून बुडवल्यावर दोन-तीनदा हलवा. सच्छिद्र बेसाल्ट, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, तो २.३-२.४ दाखवेल. ती घनता दगडाची नाही, त्यातल्या पोकळ्यांची आहे. जांभा तर या मोजणीला घेऊच नका.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा: प्रावरणाचा वरचा भाग सुमारे ३.३, बेसाल्ट २.९ ते ३.०, नाइस २.६५ ते २.७. खंड कसा तयार होतो याचं उत्तर या उतरत्या क्रमात आहे. प्रावरणाचा खडक अंशतः वितळला की बेसाल्ट वर येतो. असा बेसाल्ट पाण्याच्या अंशासह खोल, तीस-चाळीस किलोमीटर किंवा त्याहून खाली, पुन्हा अंशतः वितळला की त्यातून सिलिका जास्त असलेला, फिकट, हलका रस निघतो आणि त्याचे ग्रॅनाइटसारखे खडक होतात. म्हणजे खंडाचा दगड दोनदा गाळून निघालेला असतो. हलका असल्यामुळे तो पुन्हा प्रावरणात बुडत नाही. समुद्रतळाचा बेसाल्ट थंड होत जड होतो आणि खंदकांत खाली जातो, त्यामुळे आजच्या महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी १८-२० कोटी वर्षांपेक्षा जुना सापडत नाही. लोंढ्याचा नाइस मात्र तीनशे कोटी वर्षं टिकून आहे.

उंचीचा हिशेब

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. कवच प्रावरणावर तरंगतं असं धरलं, तर एवढं वजन पेलायला खाली किती जास्तीचं कवच हवं? उंची गुणिले कवचाची घनता, भागिले प्रावरण आणि कवच यांच्या घनतेतला फरक. ०.७५ गुणिले २.७ भागिले ०.६, म्हणजे जवळपास ३.४ किलोमीटर. कवचाची सरासरी घनता २.८ धरली तर हेच उत्तर ४.२ किलोमीटर होतं. घनतेत एवढासा फरक पडला की उत्तर किती हलतं ते यातून लक्षात येतं. म्हणून हा हिशेब पुस्तकातला आकडा टाकून न करता स्वतः मोजलेल्या दगडांवर करून बघावा.

ही कल्पना भारतातल्याच मोजणीतून आली, हे शाळेत आवर्जून सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात उत्तरेतल्या कलियाना आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं, तर ५.२ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक आला. हिमालयाने ओळंबा ओढला असेल असं धरून गणित केलं तर ओढ त्याहून बरीच जास्त यायला हवी होती. १८५५ मध्ये गणिती प्रॅट आणि खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी या कोड्यावर लिहिलं. पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असतं, हे एअरीचं उत्तर.

याचाच दुसरा भाग घाटासाठी उपयोगी पडतो. डोंगरावरून हजार मीटर खडक झिजून गेला, तर वजन कमी झाल्यामुळे खालचं प्रावरण सरकून आत येतं आणि जमीन सुमारे ८२० मीटर पुन्हा वर येते (२.७ भागिले ३.३). उंची प्रत्यक्षात १८० मीटरच घटते. डोंगर एवढ्या सहजासहजी का संपत नाहीत ते इथे कळतं.

पहिला मुक्काम: बेळगावजवळची बंद खडीची खाण

चालू खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्या. बंद खाणीतही कड्याच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही. बघायचं ते समोरून, पंधरा-वीस मीटरवरून.

खाणीचा उभा कापा हा लाव्हाच्या एकेका लोटाचा छेद असतो. खालून वर असं वाचा. तळाशी थोडे छिद्रांचे खडक, कधी उभ्या नळीसारखी छिद्रं. मधे भरीव काळा पाषाण, उभ्या भेगांनी तुटलेला. माथ्याकडे पुन्हा छिद्रं वाढतात, रंग तांबूस होतो. वायू वर जाऊन माथ्याशी अडकला, म्हणून छिद्रं तिथे जास्त. भिंगाखाली बघितलं तर काही छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात: झिओलाइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट. व्हिनेगर टाकल्यावर कॅल्साइट फसफसतो. एवढ्यावरून कोणी या दगडाला चुनखडी ठरवू नये. फेस भरावातून येतोय की दगडातून, ते भिंगाखाली बघा. चुनखडी हवी असेल तर ती यादवाडकडे, कलादगी खोऱ्यात.

दोन लोटांच्या मधे काही ठिकाणी वीतभर ते हातभर तांबडा मातकट थर असतो. हा या खाणीतला सगळ्यात मोलाचा भाग. खालचा लोट थिजला, त्यावर हवा-पाण्याने माती तयार झाली, मग वरचा लोट आला आणि त्याने ती माती झाकली. म्हणजे उद्रेक सलग नव्हते, मधे विश्रांती होती. वरचा लोट थराला टेकतो त्या रेषेशी माती जास्त घट्ट, विटेसारखी लाल झालेली दिसते का ते तपासा. टेपने थराची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजून वहीत घाला.

विहिरींचाही असाच उपयोग होतो. बांधकाम न केलेल्या जुन्या विहिरीत माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हा क्रम सरळ दिसतो. गावात बोअर मारताना रिगवाल्याकडून प्रत्येक रॉडचा चुरा मागून घ्या. रॉड बहुधा २० फुटांचा असतो, तरी विचारून खात्री करा. काळा-करडा चुरा बेसाल्टचा. तो अचानक फिकट, गुलाबी-पांढरा आणि चमचमीत झाला की बेसाल्ट संपला आणि जुना पाया लागला, त्या रॉडचा क्रमांक लिहा. वरच्या भिंतीतून पडलेला चुरा खालच्या नमुन्यात मिसळतो, म्हणून रॉड जोडल्यावर थोडा वेळ हवा मारून भोक साफ झाल्यावरचाच चुरा घ्यायचा. पाणी लागल्यानंतरच्या नमुन्यावर फार विसंबू नका.

बेसाल्टचा हा ढीग पश्चिमेला जाड आणि कडांकडे पातळ होत जातो. कोयना भागात १९६७ च्या भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी खोल बोअर मारले, तेव्हा त्यांपैकी एकात ९३३ मीटरवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. किल्लारीला, १९९३ च्या भूकंपाच्या जागी, तो ३३८ मीटरवर लागला. बेळगाव या ढिगाच्या दक्षिण काठावर आहे. पायाचा खडक इथे उघड्यावर भेटतो तो त्यामुळेच.

एवढा लाव्हा आला कुठून

कवचाखाली लाव्हाचा समुद्र आहे, हा समज अगदी शिकलेल्या माणसांतही पक्का असतो. तसं नाही. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात. म्हणजे जवळपास २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण घन आहे. ते वाहतं, पण वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने, घन अवस्थेतच.

मग वितळतं कसं? उष्णता वाढवून नव्हे, दाब कमी होऊन. खोलवर भोवतालापेक्षा शे-दोनशे अंशांनी गरम असलेला खडक हळूहळू वर चढतो. वर येताना तो फारसा थंड होत नाही, पण दाब झपाट्याने उतरतो आणि त्याबरोबर वितळणबिंदूही उतरतो. एका खोलीवर खडकाचं तापमान वितळणबिंदूच्या वर जातं. तरीही सगळा खडक वितळत नाही. काही टक्के, फार तर पाचवा हिस्सा रस सुटतो आणि तोच बेसाल्ट म्हणून वर येतो. वरचं शिलावरण (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा ताठ भाग) जाड असेल तर खडकाला फार वर चढता येत नाही आणि रस कमी सुटतो. पातळ असेल तर जास्त. पश्चिम किनाऱ्याकडे ढीग जाड का, याच्या कारणांत हेही एक आहे. तिथे खंड ताणला जात होता. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीच सुटलं होतं आणि सेशेल्सचा तुकडा लाव्हा येऊन गेल्यावर थोड्याच काळात सुटला.

या लाव्हाचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. भूशास्त्राच्या मापाने ही फार घाई आहे. बहुतेक भूवैज्ञानिक त्याचा उगम आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्तंभाशी जोडतात. भारत वरून सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, चागोस, मॉरिशस अशी माळ राहिली.

भारत किती सरकला तेही काढता येतं. बेसाल्ट थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राचा झुकाव पकडला जातो. झुकावाचा स्पर्शक (tan) म्हणजे अक्षांशाच्या स्पर्शकाची दुप्पट. डेक्कनच्या, म्हणजे याच बेसाल्टच्या, खडकांतला झुकाव साधारण ४५ अंशांच्या आसपास मिळतो, त्यावरून अक्षांश २६-२७ अंश दक्षिण येतो. बेळगाव आज १५.९ अंश उत्तरेला. फरक सुमारे ४२.५ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ४,७०० किलोमीटर. याला ६.६ कोटी वर्षांनी भागलं की सरासरी वर्षाला ७ सेंटिमीटर. आज जीपीएसने वेग सुमारे ५ सेंटिमीटर मोजला जातो. सुरुवातीला तो १५ सेंटिमीटरच्याही वर होता आणि आशियाला टेकल्यानंतर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, उतरला. या गणितात फक्त उत्तर-दक्षिण अंतर येतं, पूर्व-पश्चिम येत नाही. आणि मोबाइलचा होकायंत्र खडकाला टेकवून झुकाव मिळत नाही. त्यासाठी दिशा नोंदवून कापलेला नमुना आणि प्रयोगशाळा लागते.

दुसरा मुक्काम: गोकाक

घटप्रभा इथे ५२ मीटर खाली कोसळते ती कठीण वालुकाश्माच्या कड्यावरून. पाणी कमी असताना जा. कड्यावर आग्यामोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

थर जवळपास आडवे आहेत. मोकळ्या पडलेल्या फरश्यांवर लाटांच्या वळ्या शोधा आणि उभ्या कापात तिरपे, एकमेकांना छेदणारे बारीक थर शोधा. तिरप्या थरांचा माथा छाटलेला आणि तळ वळत जाऊन आडव्याला मिळालेला असतो. त्यावरून खडकाची मूळ वरची बाजू कोणती ते ठरतं. उताराची दिशा पाणी कुठे वाहत होतं ते सांगते. वीस-पंचवीस ठिकाणी मोजून सरासरी काढा, दोन-तीन मोजण्यांवरून दिशा ठरवू नका.

ही वाळू इथे साचली कारण तीनशे कोटी वर्षांचा पाया खचून तिथे उथळ खोलगट भाग तयार झाला आणि त्यात पाणी शिरलं. कलादगी खोऱ्यातल्या थरांचे दोन गट आहेत. खालचा बागलकोट गट नंतर दाबाने वळला, झिजला, आणि त्याच्या तिरप्या थरांवर बदामी गटाची वाळू आडवी बसली. रामदुर्ग भागात हा कोनाचा सांधा बघायला मिळतो. दोन्ही थरांचा उतार ॲपने मोजा, फरक स्पष्ट आला पाहिजे. ॲप सरळ ऊबडखाबड दगडावर ठेवलं तर दहा अंशांची चूक सहज होते, म्हणून आधी थरावर जाड पुठ्ठ्याची वही ठेवा आणि तिच्यावर मोबाइल.

गोकाकच्या पश्चिमेला याच वालुकाश्मावर बेसाल्ट येऊन बसतो. त्या एका रेषेत कोट्यवधी वर्षं गायब आहेत. हा सांधा नाल्याच्या काठी शोधा, शेताच्या बांधावर नाही.

तिसरा मुक्काम: लोंढा ते कणकुंबी

लोंढ्याकडच्या रेल्वे आणि रस्त्याच्या कापांत शिस्ट, फिलाइट (दोन्ही दाबाने पापुद्रे पडलेले खडक) आणि नाइस दिसतात. रुळांवर उतरू नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची परवानगी घ्या, आणि तिथे दगड फोडायचा नाही. नाइसमध्ये पांढऱ्या क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे आणि काळ्या अभ्रक-हॉर्नब्लेंडचे पट्टे आलटून पालटून असतात. वळलेले पट्टे दिसले की समजा, हा खडक गरम आणि मऊ असताना दाबला गेला.

धारवाड क्रेटॉनच्या, म्हणजे खंडाच्या अतिप्राचीन स्थिर गाभ्याच्या, या पश्चिम भागात कवच ४० ते ५० किलोमीटर जाड आहे. त्याखाली प्रावरणाचा थंड, ताठ भाग मुळासारखा चिकटलेला आहे. या मुळातून फार पूर्वी रस निघून गेल्यामुळे लोह कमी राहिलं, म्हणून ते थंड असूनही बुडण्याइतकं जड नाही. खंडाचा हा भाग एवढा टिकला तो या मुळामुळे.

खानापूर तालुक्यात मोठी अडचण जांभ्याची. तो लाव्हा नाही. खाली बेसाल्ट असो की शिस्ट, लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. जिथे ॲल्युमिनियम साठलं तिथे बॉक्साइट. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळीसारखी, पिवळ्या मातीने भरलेली असतात. बेसाल्टची छिद्रं गोल, आतून गुळगुळीत. शंका आली तर जांभ्याच्या खाली, चिऱ्याच्या खाणीच्या तळाशी उतरून कुजलेला खडक बघा. त्यातले पट्टे टिकलेले असतात आणि मूळ दगड कळतो.

शेवटी कणकुंबीला या. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आसपास. तरी मलप्रभा इथून पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. खंड पश्चिमेला फाटला तेव्हा काठ उचलला गेला आणि उतार पूर्वेकडे झाला. त्यानंतर पश्चिमेच्या छोट्या, तीव्र उताराच्या नद्यांनी काठ कुरतडत मागे सरकवला. चोर्ला घाटातल्या वळणावरून दोन्ही बाजूंचा उतार टोपोशीटवर (समोच्च रेषांच्या नकाशावर) मोजा: पूर्वेला दहा किलोमीटरमध्ये जमीन किती उतरते आणि पश्चिमेला किती, हे दोन आकडे शेजारी लिहा.

घरी आल्यावर लोंढा ते गोकाक असा छेद काढा. आडवं माप एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर, उभं एक सेंटिमीटरला दोनशे मीटर. उभं माप २५ पट ताणलेलं आहे हे छेदावर लिहाच, नाहीतर थरांचे उतार खोटे दिसतात. सांधा स्वतः पाहिला असेल तिथे सलग रेघ, बोअरच्या चुऱ्यावरून मिळाला असेल तिथे तुटक रेघ, आणि नुसता नकाशावरून घेतला असेल तिथे ठिपके. पुढच्या उन्हाळ्यात नाले आटतील तेव्हा आधी ठिपक्यांच्या जागा गाठा.